प्रयोगवही : टकटक

गेल्या अंकात या सदरात मी तळघरातल्या सम्प पंपाबद्दल लिहिलं होतं. त्यावर तीन वाचकांचे फोन आले. तिघांनाही लेख आवडला होता आणि तिघांच्याही घराला तळघर नव्हतं. म्हणून यंदा असा विषय घेतलाय ज्यातून कोणाचीच सुटका नाही. घरातला संगणक चालू होता होता मध्येच अडून बसतो तेव्हा काय करावं, आणि काय करू नये. यातल्या दुसऱ्या भागातला माझा अनुभव जास्त दांडगा आहे.

गोष्ट जानेवारीतली. बाहेर फूटभर बर्फ होतं आणि मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू बारा दिवसांवर आलं होतं. सोमवारी रात्री जेवणं आटोपल्यावर ही म्हणाली, "अहो, आईच्या त्या ओव्या काढून द्या ना. दोनच पुरेत. हळदीकुंकवाला ऐकवणार आहे, कबूल केलंय मी."

या ओव्यांबद्दल थोडं सांगायला हवं. २०११च्या उन्हाळ्यात आम्ही वाईजवळ हिच्या माहेरी महिनाभर राहिलो होतो. सासूबाई तेव्हा ८८ वर्षांच्या होत्या. जातं केव्हाच परसात उपडं पडलं होतं, पण जात्यावरच्या ओव्या त्यांच्या तोंडात तशाच होत्या. हिने इथून एक छोटा रेकॉर्डर नेला होता. दुपारी सगळे आडवे झाले की ही आवाज नको म्हणून पंखा बंद करायची आणि घामाघूम होत आईला बोलतं करायची. अशी ४१ रेकॉर्डिंग्ज झाली. ओव्या, कुठली ओवी कोणत्या काकूकडून आली त्याच्या हकिकती, एकात मागून म्हशीचं हंबरणं, एकात माझं घोरणं. सासूबाई २०१४ साली गेल्या. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, केवढं मोठं काम आहे ते. पण त्यांत आमच्या सासूबाई नाहीत. त्यांचा आवाज होता तो आमच्या टेबलाखालच्या काळ्या डब्यात.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि तिथेच थांबलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बटण दाबून धरून बंद केला, परत चालू केला. या खेपेला चिन्हाखाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं आणि फिरता फिरता थिजलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्या रात्री मी हे किमान वीस वेळा केलं असेल. त्यातला एकही वेळा करायला नको होता, पण ते नंतर कळलं.

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी ३४ वर्षं इथल्या एका विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलं. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगायचो: एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. त्या रात्री साडेदहाला या नियमाच्या जनकाने काय केलं? संगणकाचा डबा उघडला, व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसवल्या आणि नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी बदलली. सगळं एका दमात. (व्हॅक्यूम क्लीनरही चुकीचाच. त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते आणि ती नाजूक चिपांना मारक ठरू शकते. हवेच्या डब्याने फुंकर मारावी, तीही पंख्याचं पातं बोटाने धरून.) झाकण लावलं, बटण दाबलं, आणि संगणक सुरू झाला! मी विजयी मुद्रेने हिला हाक मारली. ती येईपर्यंत सगळं पुन्हा थिजलं होतं.

आता पंचाईत अशी की तो तेवढा सुरू झाला तो धुळीमुळे, रॅममुळे, बॅटरीमुळे की निव्वळ योगायोगाने, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. मंगळवारी त्या वेळी भाच्याला फोन लावला. तो यातच नोकरी करतो. मी सगळी हकिकत सांगायला लागलो तर म्हणाला, "मामा, ते राहू द्या. आधी सांगा, नेमका कुठे अडतो?"

प्रश्न किती साधा! आणि माझ्याच धंद्यातला. संगणक चालू होतो म्हणजे एकच गोष्ट घडत नाही, एकामागून एक पाच-सहा गोष्टी घडतात. आधी वीज पोचते. मग मदरबोर्डवर कायमचा राहणारा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला जुनी माणसं बायोस म्हणतात. तो हजेरी घेतो: रॅम आहे? पडदा आहे? कीबोर्ड? डिस्क? हजेरी झाली की तो डिस्कवरून विंडोजला उठवतो. विंडोज उठतं आणि आपली पुन्हा वेगळी हजेरी घेतं, तेव्हा ते ठिपके फिरत असतात. शेवटी तुमचं नाव-पासवर्ड आणि त्यानंतर आपणहून उघडणारे किरकोळ प्रोग्रॅम. तेव्हा गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली हे बघितलं की निम्मं निदान झालं. पडदा काळाच राहिला आणि डब्यातून बीप-बीप आलं तर बहुधा रॅम किंवा पडद्याचं कार्ड. पासवर्ड घालून झाल्यावर अडला तर दोष बहुतेक वेळा एखाद्या प्रोग्रॅमचा. आणि चालू होतो पण घड्याळ भलत्याच सालातली तारीख दाखवतं, तर ती नाण्यासारखी बॅटरी संपली. माझं घड्याळ बरोबर होतं, म्हणजे बॅटरी बदलण्याचं काही कारणच नव्हतं.

माझा संगणक कधी चिन्हावर अडायचा, कधी ठिपक्यांवर. भाचा म्हणाला, दोन वेगळ्या हजेऱ्यांत अडतो म्हणजे दोन्ही हजेऱ्यांत जो कोणी असतो तो ओ देत नाहीये. मला लगेच पंगत आठवली. आमच्या घरी आजोबा पाटावर बसल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. पानं वाढलेली, भात निवतोय, सगळे हात मांडीवर ठेवून वाट बघताहेत आणि आजोबा संध्या संपवत नाहीत. संगणक बिघडला नव्हता. तो कोणासाठी तरी खोळंबला होता.

कोणासाठी, ते शोधायला मग वही काढली, खरीखुरी. बुधवारी सकाळी पहिली नोंद: प्रिंटर, कॅमेरा, कार्ड रीडर, स्पीकर सगळ्यांच्या वायरी काढल्या, फक्त कीबोर्ड आणि पडदा ठेवला. वाचकहो, तुमच्यापैकी अर्ध्यांचा प्रश्न इथेच सुटेल. मागे खुपसून विसरलेला एखादा पेनड्राइव्हही पंगत अडवू शकतो. माझा सुटला नाही. दुसरी नोंद: रॅमची एक पट्टी काढली, मग दुसरी. फरक नाही. तिसरी नोंद करायला डब्यात वाकलो तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

टक. टक. टक. मग थोडी शांतता, एक बारीक घरघर, आणि पुन्हा टक टक.

हा आवाज मी ऑक्टोबरपासून ऐकत होतो. हीसुद्धा एकदा म्हणाली होती, "टेबलाखाली काहीतरी टकटकतंय." मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं होतं, की हीटिंग सुरू झालं, पाइप गरम होऊन प्रसरण पावतात, त्याचा आवाज. माझी डॉक्टरेट फिरत्या यंत्रांच्या कंपनांवर आहे. बेअरिंग बिघडायच्या आधी काय आवाज करतं यावर मी आयुष्यभर लोकांना व्याख्यानं दिली. आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर एक फिरतं यंत्र चार महिने मदतीला हाक मारत होतं.

आमच्या डब्यात दोन डिस्का आहेत. विंडोज आहे ती एसएसडी, म्हणजे नुसत्या चिपा, त्यात काहीच फिरत नाही. आमची सगळी साठवण मात्र जुन्या एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर, जी डब्याबरोबर २०१३ साली आली. तिच्यात आरशासारख्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. कडेचा वेग काढला तर ताशी १३० किलोमीटरच्या आसपास येतो. वाचणारं टोक या तबकडीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगत असतं की मधे धुळीचा कणसुद्धा मावणार नाही. ते टोक हवी ती जागा सापडली नाही की मागे जातं, पुन्हा पुढे येतं, पुन्हा मागे. तीच टकटक.

तिसरी नोंद: हार्ड डिस्कची केबल काढली. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात विंडोज हजर. बंद केला, पुन्हा चालू केला. दहापैकी दहा वेळा सुरू. केबल बदलून पाहिली, मदरबोर्डवरची जागा बदलून पाहिली. डिस्क जोडली की अडतो, काढली की पळतो.

संगणक बरा झाला होता. आजारी होतं ते नेमकं आम्हाला हवं होतं.

मी वर गेलो. ही गवार मोडत बसली होती. सांगितलं.

"पण तुम्ही म्हणाला होतात, दोन ठिकाणी ठेवल्यात."

"ठेवल्यात."

"कुठे कुठे?"

एक 'आईच्या ओव्या' नावाच्या फोल्डरमध्ये आणि एक 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये. दोन्ही फोल्डर त्याच डिस्कवर. रेकॉर्डरचं कार्ड मी पुढच्या प्रवासाला म्हणून पुसून टाकलं होतं. ४१ रेकॉर्डिंग्ज मिळून पावणेचौदा तास, म्हणजे नऊ जीबीसुद्धा होत नाहीत. आमच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणाऱ्या पेनड्राइव्हवर तीन वेळा मावल्या असत्या.

ही रागावली असती तर बरं झालं असतं. ती काही बोललीच नाही. गवार मोडत राहिली. ५१ वर्षांच्या संसारात मी तिला इतकं गप्प दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा कारण मीच होतो.

त्या दोन दिवसांत सल्ले भरपूर आले. एका मित्राने सांगितलं, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. हे करू नका. बाहेर काढताच आत दव धरतं आणि तबकडीवर पाणी म्हणजे शेवट. दुसऱ्याने सांगितलं, कडेवर हलकी चापटी मार. तेही नको. दुकानातल्या मुलाने डबा न उघडताच नवा संगणक घ्या म्हणून सांगितलं. आणि पडद्यावर कधी 'या नंबरवर ताबडतोब फोन करा' अशी लाल पाटी आली, तर तो फोन हात तोडला तरी करू नये. ती चोरांची पाटी असते.

मला स्वतःला सगळ्यात मोह पडला होता तो विंडोजच्याच दुरुस्तीचा. सुरुवात दोन-तीनदा लागोपाठ फसली की विंडोज आपणहून दुरुस्तीचं पान उघडतं. तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं, आणि दोष एखाद्या नव्या अपडेटचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर त्याचा खरंच उपयोग होतो. पण चेकडिस्क नावाची जी तपासणी आहे, ती मरायला टेकलेल्या डिस्कवर चालवणं म्हणजे न्यूमोनिया झालेल्या माणसाला ट्रेडमिलवर चढवणं. ती डिस्कचा कानाकोपरा वाचते आणि वर तिच्यावर लिहितेसुद्धा. आधी माणूस वाचवायचा, मग त्याचा कोट नीट करायचा. मी सोमवारी केलेले वीस प्रयत्न म्हणजे वीस वेळा जिना चढायला लावणंच होतं.

व्यावसायिक लोक अशा डिस्का धूळविरहित खोलीत उघडून माहिती काढून देतात. खर्च शेकड्यांपासून हजारो डॉलरपर्यंत जातो. डिस्क फिरतच नसेल किंवा आवाज घासल्यासारखा कर्कश असेल तर सरळ तिकडेच पाठवावी, स्वतः काही करू नये. आमची अजून मधून मधून नीट वाचत होती. भाचा म्हणाला, "मामा, एक प्रयत्न करू. पण मी सांगेन तेवढंच करायचं." ७६व्या वर्षी मी विद्यार्थी झालो.

दोन टेराबाइटची नवी डिस्क आणली आणि डिस्क बाहेरून जोडायचा एक डॉक. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. विंडोज मुद्दाम नको, कारण ते नवी डिस्क दिसली की लगेच तिच्यात हात घालायला जातं. लिनक्स पूर्ण उठल्यावरच आजारी डिस्क डॉकमध्ये ठेवली, म्हणजे हजेरीचा प्रश्न आला नाही. फोल्डर उघडून नुसत्या ओव्या उचलाव्यात असं मला वाटत होतं, पण फाइलींची यादी जिथे लिहिलेली असते तो भागच दुखरा होता. मग डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्रॅम वापरला. त्याची रीत मला फार आवडली. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलून घेतो. जिथे अडतो तिथे हटून बसत नाही, वहीत खूण करतो आणि पुढे जातो. सगळं सोपं संपलं की मग त्या खुणांकडे हळूहळू परत येतो. मध्येच वीज गेली तरी वही असते, जिथे सोडलं तिथून पुढे. माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेचा पेपर कसा सोडवावा हे सांगताना मी अगदी हेच सांगायचो.

यात एकच जीवघेणी जागा आहे. कुठून कुठे उतरवायचं हे लिहिताना आधी आजारी डिस्क, मग नवी. उलट लिहिलं तर कोऱ्या डिस्कचं कोरेपण जुनीवर उतरतं. मी ती ओळ तीन वेळा वाचली, भाच्याला व्हिडिओवर दाखवली, हिलाही वाचायला लावली. तिने चष्मा पुसून वाचली आणि म्हणाली, "दाबा."

पहिल्या नऊ तासांत बराचसा भाग उतरला. उरलेल्या थोड्याशासाठी दोन दिवस लागले. मी खाली खुर्ची टाकून बसायचो. ही चहा घेऊन यायची, आकडा बघायची आणि वर जायची. रविवारी दुपारी भाचा म्हणाला, आता थांबा, यापुढे तिला त्रास नको. सुमारे १४ एमबी वाचता आले नव्हते. मग ती चेकडिस्क चालवली, पण नव्या डिस्कवर, प्रतीवर. फोल्डर दिसायला लागले.

४१पैकी ३८ रेकॉर्डिंग्ज शाबूत. एक उघडतच नाही. दोघांत भोकं. भोकं म्हणजे किती? आमचा रेकॉर्डर सेकंदाला १,७६,४०० बाइट लिहायचा. डिस्कचा एक तुकडा, म्हणजे सेक्टर, ४०९६ बाइटांचा. तेव्हा एक तुकडा गेला तर सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग गेला, कानाला कळतसुद्धा नाही. पण एक एमबीचा सलग पट्टा गेला तर सहा सेकंद. एका रेकॉर्डिंगमध्ये तसा सहा सेकंदांचा खड्डा आहे, आणि हिला नेमकं तेच ऐकवायचं होतं.

रविवारी रात्री स्वयंपाकघरात लावलं. सासूबाईंचा आवाज आला, थोडा थकलेला, पण चालीत पक्का. ही कणीक मळत होती. ओवीच्या तिसऱ्या ओळीला आवाज एकदम बंद. मी घड्याळाकडे बघत सेकंद मोजायला लागलो आणि हिने कणकेतून हात न काढता ती ओळ म्हणून टाकली, त्याच चालीत. मग सासूबाई पुढे सुरू झाल्या. आपण काही केलं हे हिच्या लक्षातही आलं नसावं. हिला या ओव्या येतात हे मला ५१ वर्षांत ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

हळदीकुंकवाला तिने तेच रेकॉर्डिंग लावलं. पुढे काय झालं ते तिथे होत्या त्या मैत्रिणींनी सांगावं. पुरुषांना खाली मुलं सांभाळायला ठेवलं होतं.

आता कामाच्या दोन गोष्टी. ओव्यांच्या तीन प्रती आहेत: एक संगणकात, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर जी एरवी कशालाच जोडलेली नसते, आणि एक पुण्याला भाच्याकडे. प्रत केली म्हणजे झालं असं नाही. दर संक्रांतीला त्यातली एखादी उघडून ऐकायची, हे हिने ठरवलंय. दुसरं, ज्यांचे लॅपटॉप गेल्या काही वर्षांतले आहेत त्यांच्यासाठी. त्यांतल्या बऱ्याच डिस्का आता कुलूपबंद असतात. माझ्यासारखी डिस्क बाहेर काढून वाचायला गेलात तर विंडोज ४८ आकड्यांची किल्ली मागतं. बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. संगणक चालू आहे तोवरच ती शोधा, कागदावर लिहा आणि पासपोर्टाबरोबर ठेवा. अंक खाली ठेवून आत्ताच उठलात तरी चालेल.

न उघडणाऱ्या रेकॉर्डिंगवर मी अजून खटपट करतोय. आजारी डिस्क टाकून दिलेली नाही. ती पिशवीत घालून टेबलाच्या खणात ठेवलीय. पिशवीवर हिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'आई. मला विचारल्याशिवाय हात लावू नये.'